ताऱ्यांची धग मोजणारी पेटी आपल्या रानात उतरते तेव्हा

हिवाळा तोंडावर आला की काही वर्षी पेपरात कोपऱ्यात चार ओळींची सूचना येते. हैदराबादहून शास्त्रीय उपकरणं घेऊन मोठे बलून सुटणार आहेत, पेटी कुठं उतरली तर उघडू नका, पोलिसांना कळवा. मराठवाडा, विदर्भ, तेलंगण, उत्तर कर्नाटक असा हा टापू. मी तालुक्याच्या बातम्या लिहिणारा माणूस. अशी सूचना आली की लोक विचारतात, "भाऊ, हेरगिरीचं काही आहे का?" म्हणून आज जरा सविस्तर.

हे बलून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे. होमी भाभांनी 1945 मध्ये संस्था उभी केली. विश्वकिरणांचा अभ्यास करायला त्यांना उंचावर उपकरणं न्यायची होती, तिथून बलूनचं काम सुरू झालं. 1969 पासून हैदराबादला त्याचं कायमचं केंद्र आहे. पातळ प्लास्टिकचा हा फुगा तीसेक किलोमीटर वर जातो. काम संपलं की पेटी पॅराशूटनं खाली येते.

ऐंशीच्या दशकात या बलूनखाली एक मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण जाऊ लागली. तिचं काम काय? धुळीची धग मोजणं!

मे महिन्यातला आपला पत्रा आठवा. ऊन डोळ्याला दिसतं. पत्र्याची धग दिसत नाही, पण अंगाला लागते. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत अगदी बारीक धूळ आहे. ती ताऱ्यांचा उजेड गिळते आणि थोडी तापते. किती? उणे अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास. तरी तेवढी धगही अवरक्त किरणांच्या रूपानं बाहेर पडते. आपल्या जवळच्या सर्पिल दीर्घिकांमध्ये ताऱ्यांच्या एकूण उजेडाचा साधारण तिसरा हिस्सा असा धुळीतून फिरून येतो. पण हवेतली वाफ हे किरण जमिनीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून वर जावं लागतं.

1983 मध्ये आयरास नावाच्या उपग्रहानं जवळजवळ सगळं आकाश या किरणांत पाहिलं, आणि वाद सुरू झाला. धूळ कोण तापवतं? नुकते जन्मलेले प्रखर तारे, की म्हातारे तारे? प्रश्न हिशोबाचा आहे. धग बघून दीर्घिकेत नवे तारे किती जन्मतात याचा अंदाज काढतात. तापवणारा दुसराच निघाला तर हिशोब चुकला. देवयानी दीर्घिका घ्या, 25 लाख प्रकाशवर्षं लांब, अंधाऱ्या रात्री आपल्या पिंपळगावातूनही पुसट ठिपक्यासारखी दिसते. तिच्या मध्यभागी नवे तारे फारसे जन्मत नाहीत, तरी तिथली धूळ कडेपेक्षा जास्त तापलेली आहे. ती म्हाताऱ्या ताऱ्यांची करणी! म्हणजे उत्तर जागेगणिक बदलतं.

ते बारकाईनं समजायला जवळचे ढग बघावे लागतात. आपली आकाशगंगाही सर्पिलच. टीआयएफआरच्या दुर्बिणीनं तिच्यातले तारे जन्मण्याचे ढग मोजले. 1999 पासून जपानी शास्त्रज्ञांचं उपकरणही तिच्यावर बसलं. ताऱ्यांचे अतिनील किरण धुळीच्या कणातून इलेक्ट्रॉन उडवतात, ते वायू तापवतात, आणि त्या वायूतला कार्बन एक ठराविक किरण सोडतो. तो किरण या उपकरणानं टिपला.

हे काम फक्त मुंबई-हैदराबादचं आहे असंही नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांसोबत दुसऱ्या जातीच्या, लंबवर्तुळाकार वगैरे दीर्घिकांमधल्या धुळीचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला.

आता मुद्द्याचं. उपग्रह एकदा गेला की गेला. बलूनची दुर्बीण मात्र पुन्हा पुन्हा उडते, कारण ती परत येते. आणि परत येते ती कुणाच्या तरी कपाशीतून, तुरीतून. त्या शेतकऱ्यानं आरसा फोडला, तारा ओढल्या, तर पुढचं उड्डाण अडलं. त्यानं राखण केली तर तोही या शोधात वाटेकरी.

म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि गुरुजींना विनंती. सूचना आली की ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, शाळेत वाचून दाखवा. पेटी दिसली तर लांबून फोटो काढा, उघडू नका, ठाण्याला फोन करा. आणि "आकाशातून बॉम्ब पडला" असा मेसेज आला, तर पुढे ढकलण्याआधी ही पोस्ट त्या ग्रुपवर टाका.