तळटीप : आब्राम्त्सेवोचे देवालय

* ग्रंथकाराने येथे ज्या उमरावी जहागिरीचा निर्देश केला आहे, ती मॉस्कोच्या ईशान्येस, सर्गियेव पोसादच्या त्रैक्य मठाच्या वाटेवरील आब्राम्त्सेवो होय. १८४३ मध्ये ती लेखक सर्गेई अक्साकोव यांनी घेतली व गोगोल तेथे पाहुणे म्हणून राहिले. १८७० मध्ये ती रेल्वे-उद्योजक साव्वा मामोंतोव यांनी विकत घेतली. वास्नेत्सोव आणि पोलेनोव या चित्रकारांनी नोव्हगोरोदच्या प्राचीन वास्तू आदर्श मानून १८८१–८२ मध्ये जे इवलेसे शुभ्र देवालय तेथे सिद्ध केले, आणि ज्याच्या गर्भगृहासमोरील पवित्र चित्रांत रेपिन यांनी रंगविलेली ख्रिस्ताची मुखप्रतिमा आहे, त्याचे छायाचित्र घेणे वाटते तितके सोपे नाही. बर्फ आणि चुन्याची भिंत दोन्ही पांढरी. प्रकाशमापक त्यांना करडे ठरवतो, म्हणून त्याच्या हिशेबाहून एक-दीड पायरी अधिक प्रकाश द्यावाच लागतो. अंतर्भागात तर झगझगीत दिवा लावणे मला सर्वथा अनुचित वाटते : सोनेरी वर्ख तो प्रकाश परतवून प्रतिमेवर पांढरा डाग पाडतो, शिवाय मंद उजेडातच ज्यांचे दर्शन घडावे अशी ही चित्रे आहेत. तिपाई रोवून, पडदा काही क्षण उघडा ठेवून थांबण्याची तयारी असणाऱ्यानेच कॅमेरा आत न्यावा. देवालयालगतच्या समाधिगृहाकडेही वाचकांनी अवश्य पाहावे. मामोंतोव यांचे पुत्र आंद्रेई तेथे विसावले असून १९१८ मध्ये पित्याचा देहही तेथेच ठेवला गेला. — संपा.