मानेतील रोहिणी आणि धातूची जाळी

सकाळची वेळ आहे. धाराशिवातील एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर घरातील वडीलधारे गृहस्थ चहा घेत बसले आहेत. एकाएकी त्यांच्या उजव्या हातातून कपबशी निसटते. काही बोलू जावे तो शब्द जुळत नाहीत. घरची माणसे धावतात. कोणी कांदा हुंगावयास देतो, कोणी तळहात चोळतो. दहा मिनिटांत हात पूर्ववत चालू लागतो, वाचाही परत येते. "वारा लागला असेल" असे म्हणून मंडळी आपापल्या उद्योगास लागतात आणि डॉक्टरास बोलावण्याचे राहून जाते. श्रोतेहो, ती दहा मिनिटे वाऱ्याची नसतात. पुष्कळदा ती मानेतून आलेली सूचना असते. तिचा अर्थ वैद्यकास कसा उमगला, आणि अर्थ उमगल्यावर उपाय कोणता यावर केवढा वाद माजला, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांस बोट टेकले असता ठोका लागतो. त्या रक्तवाहिन्यांचे महत्त्व आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. सुश्रुताने कंठाच्या दोहों बाजूंच्या मर्मांत 'मन्या' आणि 'नीला' अशा धमन्या सांगितल्या असून त्यांस इजा झाल्यास मुकेपणा येतो व स्वर बिघडतो असे म्हटले आहे. ग्रीक लोकांनी यांस दिलेले नाव गाढ गुंगीच्या अर्थाच्या शब्दावरून आले. कारण त्या दाबल्या असता मनुष्यास गुंगी येते असा त्यांचा समज होता. तेच नाव पुढे 'कॅरॉटिड' म्हणून रूढ झाले. आपण तिला मानेची रोहिणी म्हणू.

मात्र मर्म ठाऊक असणे निराळे आणि रोगाचे मूळ सापडणे निराळे. पक्षाघाताचे कारण मेंदूतच असले पाहिजे, अशी समजूत फार काळ होती. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी 1927 साली जिवंत माणसाच्या डोक्यातील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र काढून दाखविले, तेव्हा मानेकडे नजर वळण्याची सोय झाली. पुढे 1951 साली मिलर फिशर या कॅनडातील डॉक्टराने आपल्या रोग्यांच्या हकिकती बारकाईने जुळविल्या. आधी एका डोळ्यापुढे क्षणभर अंधारी, आणि काही दिवसांनी शरीराच्या विरुद्ध अंगाचा झटका! मेंदू व डोळा या दोहोंस रक्त पुरविणारी वाट एकच, ती म्हणजे मानेची रोहिणी. तिच्या दुभंगाशी मेद व चुना यांचे किटण साचते, वाट अरुंद होते, आणि त्या किटणाचे कण सुटून वर जातात. अडलेल्या जागेस वळसा घालण्याची युक्ती शस्त्रवैद्यांस एक दिवस सापडेल, असे भाकीतही त्यांनी करून ठेवले.

त्या भाकितास फार काळ वाट पाहावी लागली नाही. लंडनच्या सेंट मेरी इस्पितळात मे 1954 मध्ये ईस्टकॉट आणि रॉब यांनी एका 66 वर्षांच्या गृहिणीच्या रोहिणीचा रोगट भाग कापून टाकला व निरोगी टोके जोडली. या बाईंस तोवर असे 33 झटके येऊन गेले होते! अमेरिकेत डीबेकी यांनी 1953 साली एका बसचालकाच्या रोहिणीतील किटण खरवडून काढले होते. पण ही हकीकत त्यांनी प्रसिद्ध केली ती थेट 1975 साली. अग्रमानाचा वाद येथे न वाढविलेला बरा.

शस्त्रक्रिया वाढल्या, परंतु तीत दगावणारेही होते. रोग्याचे खरोखर हित किती, हे कळण्यास 1991 साल उजाडावे लागले. उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत अतिशय अरुंद रोहिणी झालेल्या 659 रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. दोन वर्षांच्या काळात त्याच बाजूचा पक्षाघात केवळ औषधे घेणाऱ्यांत शेकडा 26 जणांस झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत शेकडा 9 जणांस. हे सर्व रोगी आधी इशारा मिळालेले होते, हे ध्यानात असावे.

आता दुसरी वाट पाहू. चाकू न लावता, मांडीतील रक्तवाहिनीतून बारीक नळी सारीत नेऊन अरुंद जागी फुगा फुगवावयाचा, ही कल्पना ग्रुंट्झिग यांनी 1970 नंतरच्या दशकात यशस्वी केली. जर्मनीतील क्लाउस माथियास यांनी 1977 मध्ये मानेच्या रोहिणीवर तिचा प्रयोग कुत्र्यांवर केला, 1979 मध्ये माणसावर, आणि 1989 मध्ये तेथे धातूची जाळी बसविली. या जाळीस स्टेंट म्हणतात. हे नाव लंडनच्या चार्ल्स स्टेंट या एकोणिसाव्या शतकातील दंतवैद्याचे. दातांचे ठसे घेण्याचे त्याचे लुकण कोणीकडे आणि ही जाळी कोणीकडे!

कुत्र्यांचा उल्लेख आला म्हणून आपल्याच मुलखातील एक प्रकरण सांगतो. धाराशिव 1948 पर्यंत ज्या निजामी राज्यात होते, त्याच्या राजधानीत 1888 आणि 1889 साली 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसले. रेसिडेन्सीचे सर्जन लॉरी हे त्याचे पुरस्कर्ते. निजामाने पैसा दिला, आणि दुसऱ्या खेपेस विलायतेहून लॉडर ब्रंटन यांच्यासारखे पंडित आले. शेकडो जनावरांवर प्रयोग होऊन निर्णय झाला की, क्लोरोफॉर्मने हृदय प्रथम थांबत नाही. श्वासावर लक्ष ठेविले म्हणजे भय नाही. लेव्ही यांनी 1911 साली दाखविले की, क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी बंद पडू शकते. प्रयोग करणारे अप्रामाणिक नव्हते. पण टेबलावरील रोगी दगावत होते, आणि त्या मृत्यूंकडे पाहावयाची त्यांची तयारी नव्हती.

मानेच्या जाळीविषयीही उत्साह असाच अनावर झाला होता. मानेवर व्रण नाही, भूल नाही, दोन दिवसांत रोगी घरी. कोणास आवडणार नाही? पण फ्रान्समधील चाचणी 2006 साली मध्येच थांबवावी लागली. तीस दिवसांत पक्षाघात वा मृत्यू शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा 3.9 आणि जाळीच्या गटात शेकडा 9.6! पुढे 2010 साली अमेरिकेतील 2502 रोग्यांच्या चाचणीने तोल काहीसा सावरला. जाळीने पक्षाघात अधिक, शस्त्रक्रियेने हृदयविकाराचा झटका अधिक. एकंदर बेरीज जवळजवळ सारखी. सत्तरीच्या पुढील रोग्यांस मात्र चाकूच अधिक मानवतो असे दिसले. माझ्या मते ही बेरीजच फसवी आहे. लहानसा हृदयविकार आणि गेलेली वाचा यांस एकाच तराजूत घालणे रोग्याच्या घरच्यांस तरी पटणार नाही.

मग प्रश्न निघाला: जाळी, पण कोणती? पहिल्या जाळ्या फुग्याने फुगवावयाच्या असत. मान बाहेरून दाबली गेल्यास त्या चेपत. म्हणून आपोआप उलगडणाऱ्या जाळ्या आल्या. यांत दोन जाती आहेत. एकीचे डोळे बारीक व चोहोंकडून बंद, खाटेच्या घट्ट विणीसारखे; ती किटण दाबून धरते, पण ताठ असल्याने वळणावळणाच्या रोहिणीत नीट बसत नाही. दुसरीचे डोळे मोठे व मोकळे. ती वळणाबरोबर वाकते, परंतु तिच्या भोकांतून किटण आत डोकावते आणि त्याचे कण सुटण्याचे भय राहते. बेल्जियम व इटली येथील डॉक्टरांनी 2007 साली 3179 प्रसंगांचा हिशेब मांडला. मोठ्या डोळ्यांच्या जाळीत, विशेषतः आधी झटका येऊन गेलेल्यांत, मागाहून होणारे अपाय अधिक निघाले. पुढल्याच वर्षी यूरोपातील दहा केंद्रांनी 1684 रोगी तपासले, तो त्यांस फरकच आढळला नाही!

अखेर 2018 साली यूरोपातील मोठ्या चाचण्यांतील 1557 रोग्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा तीस दिवसांतील पक्षाघात वा मृत्यू बंद डोळ्यांच्या जाळीत शेकडा 6.0, तर मोकळ्या डोळ्यांच्या जाळीत शेकडा 10.3 भरला. पण येथेही एक खोच आहे. या रोग्यांत जाळीची जात चिठ्ठी टाकून ठरलेली नव्हती. ती डॉक्टराने निवडली होती. अवघड, वाकडी रोहिणी असलेल्यास मोकळी जाळी मिळाली असेल, तर दोष जाळीचा की रोहिणीचा? बारीक विणीचे दुहेरी पदर असलेल्या नव्या जाळ्या अलीकडे निघाल्या आहेत. त्या वाकतात आणि कणही अडवितात, असा त्यांच्या कर्त्यांचा दावा आहे.

ज्यांस इशाराच मिळालेला नाही, केवळ तपासणीत रोहिणी अरुंद आढळली, त्यांचा हिशेब आणखी निराळा. त्यांच्यापैकी 3625 जणांवरील 2021 सालच्या चाचणीत जाळी व शस्त्रक्रिया यांत मोठा फरक दिसला नाही. 2025 साली अमेरिकेतून बातमी आली की, उत्तम औषधोपचारास जाळीची जोड दिली असता चार वर्षांतील अपाय शेकडा 6.0 वरून 2.8 वर आला. शस्त्रक्रियेच्या जोडीचा लाभ मात्र तितका निःसंशय ठरला नाही. वीस वर्षांपूर्वी मागे ढकललेली जाळी अशी पुन्हा पुढे आली आहे, अर्थात निवडक रोगी आणि सराईत हात यांच्यापुरती.

ओसरीवरील आपल्या गृहस्थांची गोष्ट मात्र या शेवटच्या वर्गातील नव्हे. त्यांस इशारा मिळाला आहे. अशा रोग्यांत धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वांत अधिक असतो, आणि शस्त्रक्रियेचा लाभही पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत मोठा. त्यांनी त्याच दिवशी इस्पितळ गाठावयास हवे होते. मानेच्या रोहिणीची चाचणी ध्वनिलहरींच्या यंत्राने काही मिनिटांत होते, दुखत नाही. पुढे चाकू की जाळी असा प्रश्न निघाला आणि सोलापूर वा पुणे गाठण्याची वेळ आली, तर मुलाने डॉक्टरांस दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: वडिलांची रोहिणी सरळ आहे की वळणाची, आणि आपल्या हातून अशा किती रोग्यांचे उपचार झाले व त्यांतील कितीजणांस तीस दिवसांत झटका आला.