वाशीम प्रांतींच्या वंशावळी व त्यांचीं साधनें

वाशीम येथें इ. स. १९३९ सालीं एक ताम्रपट उजेडांत आला. वाकाटक नृपति दुसरा विंध्यशक्ति यानें आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथून तो दिला. त्यांतील वंशवर्णन संस्कृतांत व दानाच्या व्यवहाराचा भाग प्राकृतांत आहे. विंध्यशक्ति, त्याचा पिता सर्वसेन व पितामह प्रवरसेन अशी मालिका त्यांत स्पष्ट दिली आहे. हा पट सांपडेपर्यंत वत्सगुल्माची शाखा स्वतंत्र होती हें विद्वानांस ठाऊक नव्हतें. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील झिजलेल्या लेखांत हीं नांवें होतींच. परंतु ब्यूलर यांच्या वाचनांत सर्वसेन सुटला व विंध्यसेनाच्या जागीं पृथिवीषेण वाचला गेला, आणि सगळी शाखाच मुख्य घराण्यांत जिरून गेली. पुढें वा. वि. मिराशी यांनीं ताम्रपटाच्या आधारें तो लेख पुनः लावला, तेव्हां ही चूक दुरुस्त झाली.

हा प्रसंग आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, ज्या राजकुळाचे लेख दगडावर व तांब्यावर कोरले गेले, त्याची एक शाखा जर दोन नांवांच्या चुकीनें नाहींशी होऊं शकते, तर ज्यांचे कागद माळ्यावर वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडत आहेत त्या सामान्य कुळांची काय कथा! वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या तालुक्यांतील जुन्या घराण्यांच्या वंशावळी आम्ही गेलीं कांहीं वर्षें पाहत आहों. त्यावरून आमचें एक मत बनलें आहे, व तेंच येथें मांडावयाचें आहे. वंशावळ सिद्ध करण्याकरितां जो कागद लिहिला गेला, त्यापेक्षां दुसऱ्याच कामाकरितां लिहिला जात असतां पूर्वजांचीं नांवें सहज सांगून गेलेला कागद अधिक विश्वसनीय होय.

याचें उत्तम उदाहरण परदेशांतलें आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल नांवाचा परगणा आहे. तेथील खाणकामगार एकोणिसाव्या शतकांत ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिका व आपल्याकडील कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पांगले. त्यांच्या वंशजांस आपलें मूळ शोधणें सुकर जातें. कारण आठव्या हेन्रीच्या अमदानींत, १५३८ सालीं, टॉमस क्रॉमवेल यानें प्रत्येक गांवच्या पाद्र्यास बाप्तिस्मे, विवाह व दफनें नोंदून ठेवण्याचा हुकूम केला, आणि १८४१ पासूनच्या शिरगणतींत घरोघरचीं माणसें नांवनिशीवार लिहिलेलीं आहेत. शंभर वर्षें उलटलीं कीं ते कागद लोकांस पाहावयास मिळतात. पाद्र्यानें नोंद केली ती धर्मकृत्याची. शिरगणती करणारानें लिहिलीं तीं त्या रात्रीं घरांत असलेलीं माणसें. पुढें कोणाचा वंश शोधला जाईल हें दोघांच्याही मनांत नव्हतें. त्यांची साक्ष निरपेक्ष आहे ती यामुळेंच.

आपल्याकडे ही सोय नाहीं. वऱ्हाडांत १८६७ सालीं शिरगणती झाली, व १८८१ पासून २०११ पर्यंत ती दर दहा वर्षांनीं होत गेली. परंतु बेरजा झाल्यावर घरवार कागद जपले गेले नाहींत. छापील ग्रंथांत गांवची, जातीची व धंद्याची संख्या मिळते. नांव मिळत नाहीं. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानें ते कागद पाहण्यास व पुराव्यांत घेण्यास मनाई आहे. तेव्हां आपणांस दुसरीं साधनें धुंडाळणें भाग आहे.

तीं धुंडाळण्यापूर्वीं या प्रांताचीं स्थित्यंतरें ध्यानांत ठेवावींत. अकबराच्या वेळीं वाशीम हें वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें होतें. पुढें निजाम व नागपूरकर भोसले यांची दोअमली चालली. एकाच गांवचा वसूल दोन धन्यांकडे जाई. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे राहिला, व १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं झालें. वाशीम हा पुढें स्वतंत्र जिल्हा झाला. १९०५ सालीं तो मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडले गेले व पुसद यवतमाळकडे गेलें. कारंजें मुर्तिजापूर तालुक्यांत होतें, आणि तो तालुका त्या वर्षापर्यंत अमरावती जिल्ह्याचा होता. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुनः जिल्हा झाला. म्हणून वाशीमच्या कुळाचा १८९० चा कागद व कारंज्याच्या कुळाचा त्याच वर्षाचा कागद एकाच दप्तरांत मिळेल अशी अपेक्षा करूं नये. आणि १८५३ पूर्वीच्या फारसी कागदांकरितां हैदराबादेस जाण्याची तयारी ठेवावी.

आतां साधनांचा विचार करूं. पहिलें साधन वतनी कागदांचें. देशमुख, देशपांडे, पाटील व पटवारी यांच्या घरीं बहुधा एक तरी वंशावळ असते, व ती सुवाच्य आणि अखंड असते. तिचें अखंडत्व हेंच तिजविषयीं सावध होण्याचें कारण समजावें. ती वतनाच्या तंट्यांत दाखल करण्याकरितां तयार झालेली असते. ज्यानें ती लिहविली त्यास आपला हक्क शाबीत करावयाचा होता. त्यामुळें धाकटे भाऊ, निपुत्रिक चुलते, मुली व वांटणी घेऊन गेलेल्या शाखा तींत गाळल्या जातात. ती खोटीच असते असें आम्ही म्हणत नाहीं. ती पक्षकाराची कैफियत आहे एवढेंच म्हणतों.

दुसरें साधन गांववार जन्ममृत्यूच्या वह्यांचें. यांस विदर्भांत ‘कोतवाल बुक’ म्हणतात. त्यांत जन्माची नोंद पुष्कळदां ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढीच असते. बारसें व्हावयाचें असल्यानें मुलास नांव नसतें. बापाचें नांव, गांव, जात व तारीख यांवरून मूल ओळखावें लागतें. एका बापास तीन वर्षांत दोन मुलगे झाले असल्यास कोणता कोण, हें दुसऱ्या कागदावांचून ठरत नाहीं.

तिसरें साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचें. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी व गया येथें यात्रेकरू आपलें नांव, गांव, बाप, आजा, भाऊ व मुलगे लिहून देई. श्राद्धाच्या संकल्पांत पितृत्रयी, मातृत्रयी व मातामहत्रयी यांचा नामगोत्रांसह उच्चार करावा लागतो. यामुळें माता, पितामही व प्रपितामही यांचीं नांवें घरोघर जपलीं जात व तीर्थाच्या वहींतही उतरत. महसुली कागदांत ज्या स्त्रियांचा मागमूस नाहीं त्या येथें भेटतात. शिवाय पितरांस पिंड देतांना खोटें नांव घेण्यास माणूस सहसा धजत नाहीं.

चौथें साधन पोथ्यांच्या शेवटचें. कारंज्याच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारें अपभ्रंश वाङ्मयाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहेत. परंतु जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस ज्या दानप्रशस्ति असतात त्यांकडे वंशशोधकाचें लक्ष क्वचित् जातें. ग्रंथ लिहवून घेणाऱ्या श्रावकाची ज्ञाति, गोत्र, माता-पिता, भार्या व पुत्र यांचीं नांवें तिथिवारांसह तेथें येतात. अशा प्रशस्ति व मूर्तिलेख विद्याधर जोहरापूरकर यांनीं ‘भट्टारक संप्रदाय’ या १९५८ च्या ग्रंथांत एकत्र केले आहेत. पांचवें साधन मौखिक आहे. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें श्रद्धास्थान आहे. तांड्यांनीं फिरणाऱ्या या समाजाचे जुने कागद सहसा मिळावयाचे नाहींत. त्यांचीं कुळें भाटांनीं व ढाडींनीं मुखोद्गत राखलीं. लेखी नाहीं म्हणून तें साधन तुच्छ मानूं नये. मात्र दोन भाटांचीं कथनें परस्परांस न कळवितां उतरून घ्यावींत व मग ताडून पाहावींत.

या साधनांचा परस्परांशीं मेळ कसा घालावा तें आमच्या पाहण्यांतील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. रिसोडकडील एका गांवीं एकाच आडनांवाचीं दोन घरें आहेत. घराण्याचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. थोरल्या घरीं वतनाच्या तंट्यांतली वंशावळ होती व तींत धाकट्या घराचें नांवही नव्हतें. त्यावरून ‘हे आमचे भाऊबंद नव्हत, आमच्या आश्रिताचा वंश होय’ असें थोरल्या घरचे लोक म्हणत, व दोन्ही घरें एकमेकांचें सुतक धरीत नसत. धाकट्या घरचे एक वृद्ध गृहस्थ एक जुनी रोजकीर्द घेऊन आमच्याकडे आले. तींत शके १७६२, भाद्रपद वद्य ८, मुक्काम गया, असा पिंडदानाचा खर्च होता. ‘माझे खापरपणजे गयेस गेले होते’ असें ते सांगत. थोरल्या घरीं गयावळाच्या वहीची एक नक्कल होती. तिजवर संवत् १८९७, आश्विन कृष्ण ८, अशी मिति होती. ‘गयेस गेला तो आमचा पूर्वज, त्यांचा नव्हे’ असें त्यांचें म्हणणें. शक वेगळा, महिना वेगळा. तेव्हां दोन यात्रा व दोन पुरुष असें दोन्ही घरांनीं धरून ठेविलें होतें.

वस्तुतः संवतांतून १३५ वजा केले कीं शक येतो, व १८९७ मधून ते वजा जातां १७६२ उरतात. राहिला महिना. उत्तरेंत महिने पौर्णिमान्त, आपल्याकडे अमान्त. आपला पितृपक्ष भाद्रपद वद्यांत येतो तोच तिकडे आश्विन कृष्णपक्ष होय. म्हणजे दोन्ही मिति इ. स. १८४० मधील एकाच दिवसाच्या ठरल्या. गयावळाच्या गुमास्त्यानें आपल्या रीतीनें मिति घातली, घरच्या कारकुनानें आपल्या रीतीनें. त्यानंतर आम्हीं गयेहून त्या सबंध पृष्ठाची नक्कल आणविली. तेथें मोडींत दोघां भावांचीं नांवें एकाखालीं एक होतीं. बाप एक, आणि मातृत्रयींत मातेचें नांवही एकच. थोरल्या घरच्या नकलेंत दुसरी ओळ नव्हती, कारण मागणारानें केवळ आपल्या पूर्वजाची ओळ मागितली होती. वंशावळींत धाकटा भाऊ नव्हता, कारण ती एकट्या थोरल्याचा हक्क सांगण्याकरितां लिहिली होती. फल्गूच्या कांठीं वतनाचा प्रश्न नव्हता, म्हणून तेथें दोघेही भाऊ राहिले.

पुढें वर्षभरांत थोरल्या घरचे कर्ते पुरुष वारले. त्या दोघां भावांच्या बापापासून ते सहावे. सापिंड्य सातव्या पुरुषापर्यंत असतें. धाकट्या घरानें दहा दिवस सुतक धरलें, व थोरल्या घरानें त्यास हरकत घेतली नाहीं.

या कामांत जीं ठेंचाळण्याचीं स्थळें आहेत त्यांपैकीं थोडीं सांगतों. नातवास आजाचें नांव ठेवण्याच्या चालीमुळें ‘गोविंद नारायण’ व ‘नारायण गोविंद’ आलटून पालटून येतात, व नकलकार दोन पिढ्या गिळून टाकतो. दोन पुरुषांत साठ-सत्तर वर्षांचें अंतर पडल्यास तेथें गळती आहे असें समजावें. दत्तकास जनक व पालक असे दोन बाप असतात. वतनाच्या कागदांत एक व कोतवाल बुकांत दुसरा सांपडल्यास घाईनें लबाडीचा आरोप करूं नये. दख्खनी फसली सनांत इसवी सनाकरितां ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, उत्तरेकडील फसलींत ५९२ किंवा ५९३. आडनांव गांवावरून किंवा हुद्द्यावरून पडतें. केवळ आडनांवाच्या साम्यावरून कूळ एक ठरत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपण सचित्र पोथी व राजमुद्रांकित सनद यांस जपतों, आणि त्याच दप्तरांतली फाटकी रोजकीर्द, श्राद्धाची यादी व यात्रेचा खर्च रद्दींत घालतों. वर सांगितलेल्या प्रकरणांत निकाल लागला तो त्या फाटक्या रोजकीर्दीनें. दप्तर मिळेल तें सबंध घ्यावें, त्याचे रुमाल सोडून कागद मिसळूं नयेत, व नक्कल घेतांना एका ओळीची न घेतां सबंध पृष्ठाची घ्यावी.

हें त्वरेनें करण्यास दुसरेंही कारण आहे. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधाकरितां राज्य शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां मोडी वाचणारांस एकाएकीं मागणी आली व जुनीं बुकें गांवोगांव उघडलीं गेलीं. ज्यांचे न्याय्य हक्क त्यांतून मिळतील त्यांचें आम्ही अभिनंदन करूं. परंतु जो कागद आजवर कोणाच्याच कामाचा नव्हता तो आतां पुराव्याचा झाला आहे. आणि कागदास किंमत आली कीं त्यावर खाडाखोडीचा हातही पडूं लागतो. त्याची निरपेक्षता शाबूत आहे तोंवर सबंध पृष्ठांचीं छायाचित्रें घेऊन तीं एकाहून अधिक ठिकाणीं ठेवणें हें आपल्यासारख्यांचें कर्तव्य होय.