लाख कोटी म्हणजे नेमके किती हो?

मंडळी, २०२५-२६ चं राज्याचं बजेट सुमारे ७ लाख कोटी रुपयांचं होतं. बातमी सगळ्यांनी वाचली. आता कुणालाही विचारा, ७ वर शून्यं किती? दहातले नऊजण बोटं मोजायला लागतात. बारा शून्यं हो, बारा!

‘लाख कोटी’ हा शब्दच मुळात जुगाड आहे. लाख ही एक पायरी, कोटी ही दुसरी. वरच्या पायऱ्यांची नावं विसरलो म्हणून आपण एका पायरीवर दुसरी चढवून ठेवली. वेगळं नाव नव्हतं असं अजिबात नाही. खानदेशातल्या लोकांना चाळीसगावजवळचं पाटण माहीत आहे, पाटणादेवीचं. तिथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, म्हणजे चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. याच भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त संख्यांची अठरा नावं दिलीत, एकापासून परार्धापर्यंत. प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व आणि मग महापद्म. महापद्म म्हणजे एकावर बारा शून्यं. म्हणजे आपला ‘लाख कोटी’च! भास्कराचार्यांच्या हिशेबाने राज्याचं बजेट झालं ७ महापद्म.

पण लगेच छाती फुगवू नका. या नावांची किंमतही कधी एक राहिली नाही. यजुर्वेदातल्या यादीत अर्बुद म्हणजे एक कोटी. लीलावतीत तोच अर्बुद दहा कोटी. आणि त्याच शब्दाचा हिंदीतला ‘अरब’ शंभर कोटी. परार्धावर वेदात बारा शून्यं, लीलावतीत सतरा. खर्वाचं तर विचारूच नका. लीलावतीत खर्व म्हणजे दहा अब्ज. शाळेतल्या अंकलिपीत मध्ये ‘दशअब्ज’ घुसला आणि खर्व एक पायरी वर सरकला, शंभर अब्जांवर. हिंदीतला खरबही तिथेच. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असे मेसेज फिरवणाऱ्यांनी हेही जरूर फिरवावं.

इंग्रजी आकडे तरी पक्के असतील, असं वाटतं ना? तेही नाहीत. १४८४ मध्ये निकोला शुके नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने बिलियन लिहिला, तो मिलियन गुणिले मिलियन, म्हणजे बारा शून्यांचा. पुढे फ्रान्समध्येच काहींनी तो हजार मिलियनवर, म्हणजे नऊ शून्यांवर आणला. अमेरिकेने तो उचलला. ब्रिटन मात्र जुन्यालाच धरून होतं. शेवटी १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी पार्लमेंटला सांगितलं की सरकारी कागदांत बिलियन म्हणजे हजार मिलियनच. शब्द तोच, किंमत हजार पटीने खाली! म्हणून ब्रिटनच्या जुन्या पुस्तकातला बिलियन वाचताना आधी छापल्याचं साल बघायचं.

जर्मनीत अजूनही बारा शून्यांचा बिलियन चालतो, नऊ शून्यांना ते मिलियार्ड म्हणतात. नोव्हेंबर १९२३ मध्ये तिथे महागाईने कहर केला तेव्हा एका डॉलरला ४.२ बिलियन मार्क पडत होते. जर्मन बिलियन बरं का! म्हणजे एका डॉलरला सव्वाचार लाख कोटीच्या आसपास मार्क. अमेरिकन माणूस हाच आकडा ४.२ ट्रिलियन म्हणून सांगणार.

आमच्या डेस्कवर एजन्सीची बातमी येते ती बिलियन-ट्रिलियनमध्ये. आजच्या इंग्रजीतला बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणजे आपला सरळसोट अब्ज. ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. गंमत बघा, लोकसंख्या सांगताना आपण ‘अब्ज’ बिनधास्त म्हणतो, पण रुपयांची गोष्ट आली की परत ‘शंभर कोटी’वर. पैशाला अब्ज का लागत नाही, मला आजवर उमगलेलं नाही.

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. चाळीस लाखांच्या गटारीवरून ग्रामसभा तापते, कारण चाळीस लाख डोळ्यासमोर येतात. दोन गल्ल्या, इतके पाइप, इतका सिमेंट. लाख कोटीवर कुणी हूं की चूं करत नाही. तेव्हा माझ्यापुरता मी एक उपाय काढलाय, माणशी भागायचं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११.२४ कोटींचा होता. ७ लाख कोटीला त्याने भागा, माणशी साधारण ६२ हजार रुपये येतात. पाच जणांच्या घराला तीन लाखांच्या वर. आज लोकसंख्या वाढलीय, त्यामुळे वाटा थोडा कमी भरेल. पण आता आपल्या तालुक्याला काय आलं, हे विचारता येतं ना?

जाता जाता एक काम. घरात जुनी अंकलिपी असेल तर खर्वाच्या पुढची ओळ फोटो काढून कमेंटमध्ये टाका. कुणाच्या पुस्तकात पद्म आधी येतं आणि कुणाच्या नील, हे मला बघायचंय.