चर्चवास्तुकला, गोवा व वसई येथील

पोर्तुगीज अंमलात गोवा, वसई, चौल, दमण आणि दीव येथे उभारल्या गेलेल्या कॅथलिक चर्चवास्तूंची कला. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले व १५३४ च्या तहाने वसई मिळविली. त्यानंतर फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन इ. धर्मसंघांनी ही चर्चे बांधली. त्यांचे आराखडे यूरोपातून आले; दगड, चुना, पाऊस व कारागीर मात्र येथलेच होते. या संयोगातूनच या वास्तूंचे स्वरूप घडले.

प्रारंभीच्या वास्तूंवर पोर्तुगालमधील मॅन्युएलाइन शैलीची छाप आहे. गॉथिक बांधणीला पीळदार दोरासारख्या नक्षीची जोड देणारी ही शैली जुन्या गोव्यातील रोझरी चर्चमध्ये, तसेच संत फ्रान्सिस चर्चच्या प्रवेशद्वारात दिसते. हे चर्च १६६१ मध्ये नव्याने बांधले गेले. तथापि त्यात पूर्वीच्या वास्तूचे द्वार राखले आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रबोधनकालीन अभिजात स्तंभरचना प्रचारात आली. से कॅथीड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले. त्याचे बाह्यांग टस्कन, तर अंतर्भाग कॉरिंथियन पद्धतीचा आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. बॉम जेझूस बॅसिलिकेची पायाभरणी १५९४ मध्ये झाली व १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. संत फ्रान्सिस झेव्हिअर यांचे पार्थिव अवशेष येथे आहेत. त्यांच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार फॉजीनी याने घडविला. थिएटाइन संघाचे संत कॅजेटन चर्च रोममधील सेंट पीटर चर्चच्या धर्तीवर घुमटयुक्त आहे.

स्थानिक घटकांचा प्रभाव प्रथम बांधकामसाहित्यात जाणवतो. भिंती सच्छिद्र जांभ्या दगडाच्या असून त्यावर सूक्ष्म कोरीव काम टिकत नाही. म्हणून बॉम जेझूसच्या दर्शनी भागातील कोरीव कामासाठी वसईकडील काळा पाषाण आणण्यात आला. अन्यत्र भिंतींना चुन्याचा जाड गिलावा देत व पावसाळ्यानंतर पांढरी सफेदी करीत. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने बसवीत. वेद्यांची सोनेरी काष्ठशिल्पे व नागकन्यांच्या आकृतींनी तोललेली प्रवचनपीठे यांतून भारतीय कारागिरांचा हात स्पष्ट दिसतो. हा प्रभाव एकतर्फी नव्हता. गोव्यातील कवळे, मंगेशी इ. ठिकाणच्या मंदिरांवरील घुमट, अर्धस्तंभ व कमानदार खिडक्या चर्चवास्तूंशी नाते सांगतात.

वसईच्या किल्ल्यातील चर्चे आज भग्नावस्थेत आहेत. चिमाजी आप्पाने १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तेथील घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या; नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर व वाईजवळील मेणवली येथे अशा घंटा आहेत. छपरे नष्ट झाली, तरी जेझुइट चर्चचा स्तंभयुक्त दर्शनी भाग अद्याप उभा आहे. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीन चर्चचा इतिहासही बोधप्रद आहे. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर ते ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले व पुढे दर्शनी भागही ढासळला. आज ४६ मी. उंचीच्या मनोऱ्याचा काही अंशच शिल्लक आहे. निगा थांबली, की जांभ्याची वास्तू वेगाने खचते, हे यावरून कळते.

गिलाव्याचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. १९५० च्या सुमारास बॉम जेझूसचा बाह्य गिलावा काढण्यात आला. त्यामुळे तांबूस जांभा उघडा पडला आणि तेच तिचे मूळ रूप होय, असा समज रूढ झाला. वस्तुतः गिलावा ही केवळ शोभा नसून दर पावसाळ्यात झिजणारे व पुन्हा लावता येणारे संरक्षक आवरण होते. ते नसल्याने पाऊस थेट दगडात मुरतो. जुन्या गोव्यातील चर्चसमूहाचा १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तथापि या वास्तूंचे जतन करताना त्यांच्या यूरोपीय आकृतिबंधाबरोबरच चुना, जांभा व वार्षिक निगा यांची येथील परंपराही जपणे अगत्याचे आहे.