स्थावर घराचा प्रवास

कायद्याने मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग पाडले व घर स्थावरात घातले. जे भूमीत रोवले ते भूमीबरोबरच राहावयाचे, हा त्यामागील न्याय. परंतु इंग्लंडातील केंट परगण्यात, चिडिंगस्टन गावच्या शिवारात पंधराव्या शतकात उभारलेले ‘बेलीफ’ हे शेतकऱ्याचे घर आज ससेक्समध्ये सिंगलटन येथे उभे आहे. 

या घराची बांधणी ‘वील्डन’ पद्धतीची आहे. मध्यभागी दोन खणांचे उंच दालन. दोन्ही टोकांस दुमजली भाग, त्यांचे वरचे मजले दर्शनी बाजूस पुढे झुकलेले. आणि या सर्वांवर एकच छप्पर. सांगाडा ओकच्या लाकडाचा असून भिंती कुडाच्या, माती, शेण व गवताचा काला करून लिंपलेल्या. दालनाला माळा नाही, धुराडे नाही. जमिनीवरच चूल पेटे आणि धूर छपराच्या फटींतून वाट काढी. त्याची काजळी वाशांवर बसे. खिडक्यांना काच नव्हती, लाकडी गज व झडपा होत्या. दालनाच्या एका टोकास यजमानाचे मेज, तर दुसऱ्या टोकास समोरासमोरची दारे आणि त्यांपलीकडे पेये व धान्य ठेवण्याच्या खोल्या. कोणी कोठे बसावे, हे जणू सुतारानेच ठरवून दिले होते.

लाकडाच्या वाढीची वलये मोजून दालन व कोठीचा भाग १४०५ ते १४३० या काळातील, तर यजमानाचा भाग १५०५ ते १५१० च्या सुमाराचा ठरला आहे. शंभर वर्षांचे अंतर एकाच छपराखाली नांदते.

१९६० नंतरच्या दशकात त्या खोऱ्यात बाउ बीच जलाशयाची योजना आली आणि घर पाण्याखाली जाणार असे ठरले. रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संग्रहालयास पाणीपुरवठा कंपनीने ते देऊ केले. १९६८-६९ साली ते उकलण्यात आले व १९७२ साली पुन्हा उभे राहिले. हे शक्य झाले ते जुन्या सुतारांच्या रीतीमुळे. ते ओले लाकूड तासून कुसू व खाच बसवीत, जमिनीवर सांगाडा जुळवून पाहत, प्रत्येक सांध्यावर रोमी अंकांसारख्या खुणा कोरीत, मग तो सोडवून जागेवर नेत आणि खुंट्या ठोकीत. म्हणजे हे घर उभे राहण्यापूर्वीच एकदा प्रवास करून आले होते!

येथे एक वाद उरतो. पुढील पिढ्यांनी दालनात घातलेले धुराडे व माळा पुन्हा उभारले गेले नाहीत. घर सुमारे १५४० सालच्या रूपात दाखविले जाते. चुलीभोवती एकत्र बसणारे कुटुंब निरनिराळ्या खोल्यांत कसे विभागले गेले, याची साक्ष ते धुराडेच देत होते. एका साक्षीदाराचे म्हणणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून दुसऱ्याला बाहेर बसविले, असा हा निवाडा आहे. तथापि तो अमान्य करताना पर्यायही पाहिला पाहिजे. आणि पर्याय जलाशयाचा होता. लाकूड वाचले, शेत, बांध आणि शेजार मात्र वाचला नाही. कायदा घराला भूमीपासून वेगळे मानत नाही, तो अगदीच निराधार नव्हे.