डुबकीचा मास्क काळा का? रंगामागचा इतिहास

१/ तारकर्लीला स्कूबासाठी उतरणाऱ्याच्या हाती मास्क येतो. काचेभोवती चेहऱ्याला घट्ट बसणारी मऊ कड असते. तिला स्कर्ट म्हणतात. कुणाच्या मास्कचा स्कर्ट पारदर्शक, कुणाचा काळाकुळकुळीत. या दोन रंगांच्या मागे जवळजवळ शतकाचा इतिहास आहे.

२/ मुळात मास्क लागतो कशासाठी? पाणी थेट डोळ्याला भिडले की बुबुळावरील पारदर्शक पटलाची प्रकाश वळवण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी होते आणि सारे धूसर दिसते. डोळा व पाणी यांच्यामध्ये हवा राखली की दृष्टी परतते. फक्त वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या भासतात.

३/ आरंभी हे काम साध्या गॉगलने भागवले जाई. १९३६ मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी झाक-इव्ह कुस्तो याने तुलाँजवळ असाच गॉगल लावून भूमध्य समुद्रात डोकावले आणि त्याच्या आयुष्याची दिशा पालटली.

४/ पण गॉगल घातकही होता. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. गॉगलमधली हवा मात्र कोंडलेली. तिचा दाब वाढवण्याची सोय नसे. परिणामी डोळे बाहेर ओढले जात, सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटत. जपानच्या ‘आमा’ पाणबुड्या स्त्रियांच्या काही गॉगलांना म्हणूनच हवेच्या छोट्या पिशव्या जोडलेल्या असत.

५/ यावरचा टिकाऊ उपाय साधा निघाला : नाकही काचेच्या आत घेणे. मग नाकाने थोडी हवा सोडली की आतला दाब सावरतो. फ्रान्समध्ये मॅक्सिम फोर्जो याने १९३८ मध्ये अशा मास्कचे पेटंट घेतले.

६/ नाकासह चेहऱ्यावर बसणारी लवचीक कड त्या काळी रबराचीच होणार. रबर बळकट व्हावे, उन्हात टिकावे म्हणून त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी मिसळत. मास्क काळा झाला तो मुख्यतः त्यामुळे. १९४३ मध्ये कुस्तो व एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग सिद्ध केले, पुढे हौशी पाणबुडे वाढले. मास्क बहुधा काळाच राहिला.

७/ रबर कालांतराने कडक होई, त्याला भेगा पडत. १९७० च्या दशकापासून सिलिकॉन आले : मऊ, टिकाऊ आणि पारदर्शक. मास्कच्या आत बाजूंनी उजेड आला. कोंडल्यासारखे वाटणाऱ्या नवख्यांना त्याने धीर दिला. छायाचित्रात चेहराही उजळ दिसू लागला.

८/ तथापि दृष्टिक्षेत्र काही वाढले नाही. असा स्कर्ट दुधी काचेसारखा असतो : उजेड आत येतो, दृश्य येत नाही. उलट मागून आलेला उजेड काचेच्या आतल्या बाजूवर पडून स्वतःच्याच चेहऱ्याचे प्रतिबिंब दिसते. शिवाय सिलिकॉन हळूहळू पिवळे पडते.

९/ म्हणून काळा रंग परतला, या वेळी सिलिकॉनमध्ये आणि जाणूनबुजून. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर रोखणारे छायाचित्रकार व भाल्याने मासे टिपणारे तो पसंत करतात. नवख्याला मात्र पारदर्शकच बरा वाटू शकतो. दोघांनीही आधी पाहावे ते हे, की मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की नाही. फट राहिली तर रंग कोणताही असो, पाणी आत येणारच.

१०/ इतिहासाच्या अभ्यासकाला यात एक इशारा आहे. १९५० चा मास्क आणि आजचा मास्क, दोन्ही काळेच. पण पहिल्याचा रंग साहित्याने लादलेला, दुसऱ्याचा वापरणाऱ्याने निवडलेला. वस्तू सारखी दिसली म्हणून तिच्यामागचे कारणही सारखेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

(समाप्त)